मदत हवी आहे : धार लावताना चॉपरचं टोक निळं पडलं, आता विकू की वापरू?

मंडळी, मोठ्या पात्याच्या चॉपर सुऱ्यांचा नाद लागून मला सहा-सात वर्षं झाली. कपाटात चार आहेत, पण हाताला लागतो एकच, अमेरिकन का-बार कंपनीचा बीके-९. नऊ इंची पातं, फांद्या तोडून तोडून त्याचा काळा थर पात्याच्या पोटाकडून (धारेच्या फुगीर भागाकडून) पार उडालाय. त्याची मला फिकीर नाही, तो काही विकायचा नाही.

घोडं अडलंय दुसऱ्यापाशी. हाताने घडवलेला, ५१६० या स्प्रिंगच्या पोलादाचा, पातं दहा इंची. ज्यांनी घडवला त्यांनी आता भट्टी बंद केलीय, त्यामुळे जमवणारे लोक त्याबद्दल अधूनमधून विचारतात. तीन वर्षं मी तो नुसता तेलाच्या फडक्याने पुसून ठेवला. मग एकदा राहवलं नाही आणि वाळक्या ओंडक्यावर चालवला. गाठीवर बसला आणि टोकाजवळ धार एका जागी वळली. नख फिरवलं की अडकायचं, एवढंच. घरी दगडावर निघालं असतं, पण नको तिथे हात नको म्हणून धार लावणाऱ्याकडे दिला. त्याने तो पट्ट्याच्या ग्राइंडरवर धरला. परत आला तेव्हा हातावरचे केस उडत होते, पण टोकापासून इंचभर धारेलगत निळी-जांभळी झाक! 'ते पुसलं की जातं,' म्हणाला.

खरंच जातं का? आणि अशा सुऱ्याची किंमत किती पडते? शिवाय मुठीच्या लाकडाखालून गंजाची बारीक रेघ डोकावतेय, तिचं काय करायचं?

सहाण_आणि_कानस : रंग पुसला जातो, गेलेला कडकपणा परत येत नाही. ५१६० ला पाणी दिल्यावर (लालभडक तापवून एकदम थंड केल्यावर) साधारण २०० अंश सेल्सियसच्या आसपास पुन्हा तापवून त्याचा ठिसूळपणा काढतात. निळा रंग दिसला म्हणजे तिथलं तापमान ३०० अंशांच्या घरात गेलं होतं. तेवढा भाग मऊ पडला. खात्री करायची तर बारीक कानस हलक्या हाताने आधी पोटावरच्या धारेला लावा, मग टोकाला. पोटावर घसरली आणि टोकाला चावली, की समजा टोक मऊ पडलंय.

पण जीव टांगणीला लावू नका. चॉपरचा घाव टोकाने बसत नाही, त्याच्या मागे पात्याच्या पोटावर बसतो. खरखरीत दगडावर भरपूर पाणी घालून निळा भाग संपेपर्यंत धार हाताने मागे घ्या. वेळ लागेल, खांदे दुखतील. ग्राइंडरला मात्र पुन्हा शिवू नका.

गंजका_खिळा : विकायचाच असेल तर 'वापरलेला' म्हणून विका आणि निळ्या टोकाचा फोटो पहिला टाका. घासून चकचकीत करून विकलात तर पहिल्याच गाठीवर पितळ उघडं पडेल. जमवणाऱ्याला मूळ धार हवी असते, ती एकदा गेली की तो हात आखडतो. मग उरतं वापरणारं गिऱ्हाईक. बुसे या अमेरिकन कंपनीचे सुरे वापरूनही बऱ्या भावात जातात, पण त्यांची किंवा ईएसईई (ESEE) या दुसऱ्या कंपनीची हमी नगाबरोबर पुढच्या मालकाकडे जाते. तुमच्या सुऱ्यामागे कोण उभं राहणार? आणि तो चामड्याच्या म्यानात ठेवत असाल तर आधी बाहेर काढा. चामडं ओल धरतं.

(धागाकर्ता) : कानस लावली. पोटावर सर्रकन घसरली, टोकाला दातात वाळू आल्यासारखी चावली. म्यानाचंही बरोबर ओळखलंत, तीन वर्षं तो त्यातच होता. विकण्याचा विचार तूर्त बाजूला, रविवारी दगड घेऊन बसतो.

पण मुठीखालच्या गंजाबद्दल कुणीच बोललं नाही. रिव्हेट ठोकून काढावे लागतील, की तेल सोडून भागेल?