मेल येते, पण जात नाही : तुमच्याकडं काय झालं होतं?

उद्यमनगरकर
मंडळी, परवा ओळखीच्या एका फौंड्रीत गेलो होतो. पुण्याच्या गिऱ्हाइकाला पाचच्या आत कास्टिंगचं कोटेशन जायला हवं होतं आणि थंडरबर्ड (मेलचा प्रोग्रॅम) काही केल्या ते पाठवेना. दहा मिनिटांपूर्वी त्याच गिऱ्हाइकाची मेल त्याच कॉम्प्युटरवर आलेली. मालकांचा एकच हेका, "पासवर्ड चुकला असता तर मेल आली असती काय?" खोटं कशाला बोलू, पहिला अर्धा तास मलाही ते पटत होतं.

मेल येते आयमॅपनं आणि जाते एसएमटीपीनं. सर्व्हर वेगळे, पोर्ट (म्हणजे सर्व्हरचा नंबराचा दरवाजा) वेगळे, आणि थंडरबर्ड दोन्हींचे पासवर्डही वेगवेगळे जपून ठेवतो. आदल्या दिवशी मालकांनी पासवर्ड बदललेला. येणाऱ्या बाजूला नवा गेला, जाणाऱ्या बाजूला जुनाच राहिला. सेटिंग्जमध्ये 'सेव्ह्ड पासवर्ड्स' उघडलं तर एकाच खात्याच्या दोन ओळी. एसएमटीपीची ओळ पुसली, पुन्हा 'सेंड' दाबलं, त्यानं पासवर्ड विचारला, कोटेशन गेलं. पाचला सात मिनिटं कमी होती.

तुमचे किस्से लिहा. फक्त एररमधला आकडा जरूर द्या. नुसतं "मेल जाईना" म्हटल्यावर कोण काय सांगणार? आणि स्क्रीनशॉटात पासवर्ड दिसू देऊ नका, मागं एकानं टाकला होता.

गुळाची_ढेप
मार्केट यार्डात आमची अडत. आउटलुकमध्ये जीमेल. आकडा ५३५, पुढं ५.७.८. गूगलनं ३० मे २०२२ पासून नुसत्या पासवर्डवर बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणं बंद केलं, त्यात आम्ही सापडलो. खरं तर येणंही बंद पडलं होतं, पण गुळाचा हंगाम संपलेला, मेल येत नाही म्हणून कोण चौकशी करतोय! पाठवायला गेलो तेव्हा कळलं.
भाच्यानं टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी खात्री) चालू करून १६ अक्षरांचा ॲप पासवर्ड, म्हणजे बाहेरच्या प्रोग्रॅमसाठीचा वेगळा पासवर्ड, काढून दिला. चालू झालं. पुढं दिवाळीत मी शहाणपणा करून गूगलचा मुख्य पासवर्ड बदलला. त्याबरोबर सगळे ॲप पासवर्ड रद्द होतात हे भाच्यानं सांगितलं नव्हतं. पुन्हा ५३५.

शाहूपुरीची_ताई
मी एका टॅक्सवाल्यांच्या ऑफिसात काम करतो. २०२१ च्या जुलैत पाणी आलं तेव्हा कॉम्प्युटर उचलून वरच्या मजल्यावर नेले. तीन आठवड्यांनी खाली आणून जोडले, सगळं चालू, फक्त मेल जाईना. सर्टिफिकेटबद्दल (सर्व्हरचं ओळखपत्र) काहीतरी तक्रार. सरांनी पासवर्ड बदलला, मी बदलला, दुरुस्तीवाल्यानंही बदलला. शेवटी चहा घेऊन आलेल्या पोरानं कोपऱ्यातली तारीख बघितली, "मॅडम, ह्यात २०१२ साल चाललंय की!"
मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी संपली होती. ती नाण्याएवढी असते. वीज काढून ठेवली तशी तारीख मागं गेली, आणि त्या तारखेला सर्व्हरचं सर्टिफिकेट जन्मालाच आलं नव्हतं. मग मेल येत कशी होती? तर येणारी बाजू आयमॅपऐवजी पॉप नावाच्या जुन्या पद्धतीवर, ११० पोर्ट, एन्क्रिप्शनच नाही. तिला तारखेशी देणंघेणं नव्हतं. ते कळल्यावर सरांनी ती बाजूपण ९९५ वर, म्हणजे एन्क्रिप्शनवाल्या पोर्टवर, न्यायला लावली, बरं झालं.

मोल्डिंगवाला
शिरोली एमआयडीसी. इंटरनेटवाला बदलला आणि दुसऱ्या दिवसापासून बंद. आकडा नाही, नुसतं फिरत बसायचं. नव्या कनेक्शनवर २५ पोर्ट अडवला होता. ५८७ आणि स्टार्टटीएलएस (एन्क्रिप्शनचा एक प्रकार) केलं, झालं. मी आधी ४६५ टाकून स्टार्टटीएलएस तसंच ठेवलं होतं, तेही अडकतं. ४६५ ला एसएसएल/टीएलएस.

उद्यमनगरकर
@मोल्डिंगवाला, आकडाच आला नाही म्हणजे पासवर्ड विचारण्यापर्यंत गाडी पोचलीच नव्हती.

चांदीचे_पैंजण
हुपरी. थंडरबर्डात दोन खाती, एक दुकानाच्या डोमेनचं (दुकानाच्या स्वतःच्या वेबपत्त्याचं), एक घरचं. ५५३, आणि पुढं इंग्रजीत, हा पत्ता तुमचा नव्हे. पासवर्ड अगदी बरोबर होता! दुकानाच्या नावानं लिहिलेली मेल घरच्या खात्याच्या सर्व्हरमधून निघाली होती. खात्याच्या सेटिंगमध्ये खाली आउटगोइंग सर्व्हर निवडायचा असतो, तिथं डिफॉल्ट घरचा होता.

निवृत्त_मास्तर
आमचं हसू नका. कीबोर्ड मराठीवर राहिला होता. पासवर्डच्या जागी काळे ठिपकेच दिसतात, मराठी 'क' पडला काय आणि इंग्रजी 'के' पडला काय. दोन दिवस गेले. आता आधी नोटपॅडात टाईप करून बघतो आणि मग पुसतो.

पांढरा_रस्सा
आउटलुक डॉट कॉमचं खातं, थंडरबर्डात. १६ सप्टेंबर २०२४ पासून मायक्रोसॉफ्टनं तिथं साधा पासवर्ड बंद केला. ऑथेंटिकेशनमध्ये 'नॉर्मल पासवर्ड' होतं ते 'ओऑथ२' (मायक्रोसॉफ्टच्या खिडकीत लॉगिन करायची पद्धत) केलं. हे येणाऱ्या आणि जाणाऱ्या दोन्हीकडं स्वतंत्र करावं लागतं, मी एकीकडंच केलं आणि संध्याकाळ घालवली. दुसरीकडं केलं तर लॉगिनची खिडकी पुन्हा पुन्हा पहिल्यापासून सुरू. थंडरबर्डात कुकीज बंद होत्या. मीच कधीतरी फार सुरक्षित व्हायला गेलो होतो.

गुळाची_ढेप
एवढं करण्यापेक्षा ब्राउझरमधूनच का पाठवत नाही लोक?

शाहूपुरीची_ताई
काका, बारा वर्षांच्या मेल आउटलुकमध्ये आहेत, नोटीस आली की त्यातूनच शोधतो आम्ही.

चप्पल_लाईन
माझं वेगळंय. मेल जाते, 'सेंट'मध्ये दिसते आणि पाच मिनिटांत परत येते. ५५०, ५.७.२६. पासवर्ड बदलून झाला.

उद्यमनगरकर
भावा, पासवर्डला हात लावू नकोस. तुझ्या सर्व्हरनं तुला ओळखलं, म्हणून तर मेल निघाली. समोरचं जीमेल तुझ्या डोमेनला ओळखत नाही. डोमेनच्या डीएनएसमध्ये (डोमेनची जाहीर नोंदवही) एसपीएफ आणि डीकेआयएमच्या नोंदी आहेत का बघ, मेल खरंच तुझ्या डोमेनची आहे हे त्यावरून पटतं. त्या थंडरबर्डात नसतात, डोमेनच्या पॅनेलमध्ये असतात.

चप्पल_लाईन
पॅनेलचं लॉगिन वेबसाइट करणाऱ्या पोराकडं आहे. त्याला कालच मेल टाकली, तीपण परत आली.