शब्दचर्चा: 'क्लास बॅलन्स'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न
आमच्या गटात काही जणांना इंग्रजी नियमपुस्तक जड जातं, म्हणून 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' या, एकेक पात्र घेऊन फाशांवर खेळायच्या साहसखेळाचे नियम मराठीत लिहून काढतोय. 'क्लास बॅलन्स'पाशी, म्हणजे पात्रांच्या प्रकारांपैकी (क्लासपैकी) एकच फार वरचढ होऊ नये या कल्पनेपाशी, गाडी अडली आहे. 'फायटर व विझर्ड यांच्या क्षमतांचे संतुलन' या वाक्यातून काहीच कळत नाही (फायटर म्हणजे लढवय्या, विझर्ड म्हणजे जादूगार). 'समानता' चालेल का? क्लासला 'वर्ग' आणि अ‍ॅबिलिटीला 'क्षमता' योजलं आहे.

प्रतिसाद
'वर्ग' नको. फायटरची ताकद सरळ रेषेत वाढते आणि विझर्डची वर्गाने (गणितातल्या), ही जुनी तक्रार मराठीत लिहायला घ्याल तेव्हा दोन 'वर्ग' एकमेकांवर आदळतील. 'पेशा' म्हणा.

प्रतिसाद
फायटर, क्लेरिक (धर्मोपदेशक), थीफ (चोर) यांना पेशा शोभतो. सॉर्सररची जादू मात्र रक्तातच असते, तिला पेशा कसं म्हणणार? क्लासच ठेवा, सगळे तेच बोलतात. 'क्षमता' हा शब्द ताकद, चपळाई, बुद्धी वगैरे सहा आकड्यांसाठी राखून ठेवा, कारण नियमांत अ‍ॅबिलिटी म्हणजे ते सहा. क्लासमुळे जे मिळतं ते वेगळं. रोगचा (Rogue, थीफचंच नवं नाव) स्नीक अटॅक, म्हणजे गाफील शत्रूवरचा वार, हा त्याचा 'हातखंडा', असं मी लिहीन.

प्रतिसाद
आता मूळ शब्दाकडे. 'समानता' अजिबात नको, त्याने अर्थच बदलतो. २००८च्या चौथ्या आवृत्तीत जवळजवळ सगळ्या क्लासना एकाच साच्यातल्या शक्ती दिल्या होत्या: काही हव्या तेव्हा, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. हिशेब चोख होता, पण सगळे क्लास सारखेच वाटतात ही तक्रार बऱ्याच खेळाडूंनी केली. 'तुल्यबळ' हा शब्दही सामन्यांचा आहे. 'तुल्यबळ लढत' दोन प्रतिस्पर्ध्यांत होते. इथे फायटर आणि विझर्ड एकाच बाजूला असतात.

माझं मत 'समतोल'ला, पण वाक्यात कशाचा समतोल ते आलंच पाहिजे. पाचव्या आवृत्तीतला (२०१४) पाचव्या पातळीचा विझर्ड घ्या (अनुभव वाढेल तसं पात्र एकेक पातळी चढतं). त्याच्या फायरबॉल या मंत्राचे सहा बाजूंचे आठ फासे, म्हणजे सरासरी २८ इजा, तीही वीस फुटांच्या त्रिज्येत सापडलेल्या प्रत्येकाला (सेव्ह, म्हणजे बचावाचा फासा, साधला तर निम्मी). त्याच पातळीच्या रोगचा स्नीक अटॅक तीन फाशांचा, सरासरी साडेदहा, आणि तो एकाच शत्रूला. नुसते आकडे पाहिले तर रोग विझर्डच्या पासंगालाही पुरत नाही. पण फायरबॉल हा तिसऱ्या पातळीचा मंत्र, आणि विझर्डकडे त्या पातळीचे स्लॉट, म्हणजे दिवसभरात मंत्र टाकायच्या संधी, दोनच. आर्केन रिकव्हरी (थोड्या विश्रांतीनंतर स्लॉट परत मिळवण्याची सोय) वापरून फार तर आणखी एक. रोगचा वार दिवसभर संपत नाही. त्या आवृत्तीच्या डन्जन मास्टरच्या (खेळ चालवणाऱ्याच्या) पुस्तकात दिवसाला सहा ते आठ मध्यम किंवा कठीण चकमकी धरल्या आहेत. तेवढ्या झाल्या तर दोघांचं जमतं. दिवसात एकच लढाई झाली, तर विझर्ड सगळं तिथेच ओतून मोकळा होतो आणि रोगचा खेळाडू नुसता बघत बसतो. म्हणजे समतोल एकेका वाराचा नसून दिवसभराचा आहे, आणि तो निम्माअधिक डन्जन मास्टरच्या हातात आहे.

प्रतिसाद
'पासंग' चांगला आठवला. तराजूची पारडी सारखी करायला लावलेलं वजन, हा त्याचा मूळ अर्थ इथे नेमका बसतो. १९८१च्या बेसिक संचात दुसरी पातळी गाठायला थीफला १,२०० अनुभवगुण लागत, क्लेरिकला १,५००, फायटरला २,००० आणि मॅजिक-यूझरला (तेव्हाच्या विझर्डला) २,५००. हा फरक म्हणजे पासंगच. २०००च्या तिसऱ्या आवृत्तीत सर्वांना एकच तक्ता आला, पासंग निघाला, आणि विझर्डचं पारडं जड झाल्याची ओरड वाढली.

प्रतिसाद
बेसिक संचातल्या त्या मॅजिक-यूझरला पहिल्या पातळीवर दिवसाला एकच मंत्र आणि आयुष्य, म्हणजे किती इजा सोसेल ते, चार बाजूंच्या एका फाशावर. तेव्हा सुरुवातीला जीव मुठीत आणि पुढे राज्य, असा तो समतोल मोहिमेच्या लांबीवर पसरलेला होता. मोहीम तिसऱ्या पातळीलाच संपली तर त्याच्या वाट्याला फक्त सोसणं यायचं.

मूळ प्रश्नकर्ता
सगळ्यांचे आभार. वाक्य असं करतो आहे: 'क्लासच्या हातखंड्यांचा समतोल दिवसभराच्या चकमकी धरून बांधलेला आहे, चकमकी कमी केल्यास विझर्डचे पारडे जड होईल.' 'क्लास' तसाच ठेवला आहे. अनुभवगुणांच्या जुन्या तक्त्याखाली 'पासंग' घालतो.