फिजी: जमीन कुणाची, ऊस कुणाचा? (अनुभव धागा)

फिजीचं नाव काढलं की आपल्याकडे एक तर मधुचंद्राची जाहिरात आठवते, नाहीतर 'तिथे म्हणे निम्मे आपलेच लोक' असं कुणीतरी म्हणतं. (निम्मे होते, 1987 च्या लष्करी बंडापर्यंत. आता एक तृतीयांशाच्या आसपास आहेत.) नोकरीनिमित्त, संसारानिमित्त तिथे राहिलेले बरेच जण इथे आहेत. हॉटेलांची माहिती कुठेही मिळते. माणसं कशावर जगतात, कशाला घाबरतात आणि मत कुणाला देतात, यातलं तुम्ही जवळून जे पाहिलंत ते लिहा. माझ्यापुरतं सांगायचं तर तिथल्या प्रत्येक भांडणाच्या तळाशी जमीन आहे असं मला ठाम वाटतं. कुणाचा अनुभव वेगळा असेल तर तोही हवा आहे.

लौटोका

माझी सगळी नोकरी साखर कारखान्यांत झाली. भारताच्या कर्जातून फिजीतल्या गिरण्यांची दुरुस्ती निघाली तेव्हा मी लौटोकाला गेलो. गिरणी 1903 सालची. उसाची छोटी रेल्वे भर गावातून जाते. आपला हंगाम दिवाळीच्या सुमारास सुरू होतो, त्यांचा त्याच सुमारास संपत येतो. गेटाबाहेर उसाच्या लॉऱ्यांची रांग आणि ड्रायव्हर रात्रभर त्या रांगेतच, हे मात्र अगदी आपल्यासारखं. फक्त चहाऐवजी यंगोना, म्हणजे कावा. कुटलेलं मूळ पाण्यात कालवून करवंटीतून प्यायचं.

बा नावाच्या भागातल्या एका शेतकऱ्याशी चांगली ओळख झाली. पणजोबा गिरमिटातून, म्हणजे मळ्यांवरच्या मजुरीच्या करारावर हिंदुस्थानातून आलेले. 1879 ते 1916 या काळात साठ हजारांवर माणसं अशी आली. घरात गेल्यावर त्यांनी आधी ट्रंकेतून काढून दाखवला तो लीजचा कागद. मुदत 30 वर्षं. देशातली जवळपास 87 टक्के जमीन मूळ फिजीवासीयांच्या, म्हणजे इतौकेईंच्या घराण्यांची आहे. ती विकता येत नाही, फक्त खंडानं मिळते. 1976 च्या कायद्याखालचे करार 1997 पासून संपू लागले आणि पुष्कळांचे पुढे वाढवले गेले नाहीत. यांच्या शेजाऱ्यानं जाताना घराचे पत्रे, वासे, दारं, सगळं उतरवून लॉरीत भरलं होतं. जोतं तेवढं मागे राहिलं. मी ते पाहिलं तेव्हा त्यावर गवत माजलं होतं आणि भोवतालचा ऊस गेला होता.

एके काळी वर्षाला 40 लाख टन ऊस गाळणारा देश आता 20 लाखांच्या आत आहे. युरोप चढा भाव द्यायचा, तोही बंद झाला. पण माझ्या मते खरी सुरुवात या कागदापासून झाली. उद्या रान आपलं राहील की नाही हे माहीत नसलेला माणूस उसाची नवी लागण करत नाही, पोराला सिडनीला धाडतो.

लंबासा

वरचा अनुभव खरा आहे, पण दुसरी बाजूही लिहायला हवी. मी वनुआ लेवू बेटावर डॉक्टर होते. इतौकेई गावात जाताना यंगोनाची जुडी घेऊन जायची, ती प्रमुखापुढे ठेवायची, त्यांनी स्वीकारली की मगच पुढचं बोलायचं. तपासणी शिबिरालाही हाच नियम. अशाच एका बैठकीत गावच्या म्हाताऱ्यांनी मला 1875 च्या गोवराबद्दल विचारलं, डॉक्टर म्हणून. त्या साथीत सुमारे चाळीस हजार माणसं गेली, लोकसंख्येचा चौथा हिस्सा तरी. आदल्याच वर्षी देश ब्रिटिशांकडे गेला होता. "तेव्हा जमीन गेली असती तर आज आम्ही असतो का?" हा त्यांचा प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

जमीन विकायला बंदी घालणारा गव्हर्नर आर्थर गॉर्डन आणि मळ्यांसाठी हिंदुस्थानातून मजूर आणणारा गव्हर्नर एकच. इतौकेईंनी गावातच राहावं आणि मळे मात्र चालावेत, हा त्याचा हिशेब. 1946 च्या जनगणनेत भारतीय वंशाचे लोक संख्येनं पुढे गेले तेव्हा इतौकेईंना वाटलेली भीती मी खोटी मानत नाही. आणि खंडाच्या पैशातून साध्या माणसाच्या हाती फारसं काही येत नव्हतं, बराच वाटा प्रमुख घ्यायचे. 2011 पासून समान वाटप आलं. तिथल्या बायकांनी मला हे आवर्जून सांगितलं.

सुवा

मिस्टर विद्यापीठात शिकवायचे, म्हणून 2000 साली आम्ही राजधानी सुव्यात होतो. 19 मे, शुक्रवार. आदल्या वर्षी महेंद्र चौधरी पहिले भारतीय वंशाचे पंतप्रधान झाले होते. सकाळी मोर्चा निघणार हे माहीत होतं. दुपारपर्यंत कळलं की जॉर्ज स्पाइट या बंडखोराच्या बंदूकधाऱ्यांनी संसदेत घुसून सरकारच ओलीस धरलंय. सुटका व्हायला 56 दिवस लागले. बाजारपेठेवर धूर दिसत होता. मी मुलाला शाळेतून आणायला निघाले तर आमच्या इतौकेई शेजारीणबाईंनी मला अडवलं आणि स्वतः जाऊन त्याला घेऊन आल्या. त्या रात्री त्यांचा नवरा नि भाऊ आमच्या ओट्यावर बसून होते. या बंडाबद्दल बोलताना मी त्यांचं नाव प्रत्येक वेळी घेते, इथे त्यांच्या खासगीपणासाठी देत नाही.

नंतर दुकानांच्या फुटक्या काचा पाहिल्या, त्याहून जास्त पासपोर्ट कचेरीपुढची रांग पाहिली. त्यात माझ्या मुलाच्या वर्गशिक्षिका होत्या.

ऑकलंड

मी त्या रांगेच्या पलीकडच्या टोकाला, न्यूझीलंडमध्ये राहते. माझ्या वॉर्डातल्या निम्म्या नर्सेस फिजी-भारतीय. इथली सरकारी आकडेवारी त्यांना आशियाई म्हणते. त्यांना स्वतःला पॅसिफिकचे म्हणवून घ्यायचं आहे, आणि चार-पाच पिढ्या तिथे गेल्यावर ते योग्यच आहे.

14 मे 2023 ला, पहिलं गिरमिटिया जहाज पोचल्याच्या दिवशी, पंतप्रधान सितिवेनी राबुकांनी 1987 च्या बंडाबद्दल माफी मागितली. ते बंड त्यांनीच केलं होतं, तेही 14 मे रोजीच. एका सहकारी नर्सची आई आमच्याकडे जेवायला होती. फोनवर त्यांनी ते भाषण दोनदा पाहिलं. "माफी ठीक, पण लीज?" एवढंच म्हणाल्या. मी त्यांना गोपाळ कृष्ण गोखल्यांबद्दल सांगितलं: गिरमिट बंद करावं असा ठराव त्यांनी 1912 साली विधिमंडळात मांडला आणि सरकारी मतांपुढे तो पडला. त्यांना नाव माहीत नव्हतं, त्यांनी ते लिहून घेतलं.

नांदी

मी हॉटेलात शेफ होतो, थोडक्यात लिहितो. 2019 ला जवळपास नऊ लाख पर्यटक आले, म्हणजे देशाच्या लोकसंख्येहून जास्त. 2020 ला विमानं थांबली आणि आमचं किचन बंद झालं. इतौकेई सहकारी गावी परतले, कारण घराण्याची जमीन होती. तारो, कसावा लावला आणि पोटाला कमी पडलं नाही. भारतीय वंशाच्या वेटरांना परतायला रान नव्हतं. काहींनी फेसबुकवरून भांडी देऊन पीठ, साखर घेतली. एकाच पगाराची, एकाच किचनमधली माणसं, पण कोविडमध्ये हा फरक उघडा पडला. डिसेंबर 2021 ला देश खुला झाला तेव्हा दोन्हीकडचे बरेच जण परत आलेच नाहीत. ऑस्ट्रेलियात फळं तोडायला, मांसाच्या कारखान्यात गेले. आता हॉटेलवाले बांगलादेश, नेपाळमधून माणसं आणतायत.