सोसायटी ग्रुप: दोन वर्षांच्या बाळाला चार बाटल्या?

नेहा (ए-२०४): वय २ वर्षं, वजन ११ किलो. तीन दिवस सर्दी, ताप १०१. चिठ्ठीवर चार बाटल्या: तापाची, सर्दीची, खोकल्याची, अँटिबायोटिक. सगळं द्यायचं?

डॉ. मानसी (सी-५०३): आधी बाटल्यांवरचं बारीक अक्षर वाच. दर ५ मिलीला पॅरासिटामॉल किती? सर्दीच्या बाटलीतही बघ.

नेहा: तापाच्या बाटलीत २५० मिग्रॅ. अगं, सर्दीच्यातही आहे, १२५! शिवाय क्लोरफेनिरामाइन (शिंका-वाहतं नाक थांबवणारं), फिनाइलएफ्रिन (चोंदलेलं नाक मोकळं करणारं). दोन्ही ५ मिली, तीनदा.

डॉ. मानसी: तिथंच घोळ. एका वेळी किलोमागे १० ते १५ मिग्रॅ, म्हणजे ११ किलोला फार तर १६५. २५० वाल्यातून ३ मिली दिलं की १५० जातं, पुरे. दोन्ही बाटल्या ५-५ मिली दिल्यास ३७५ होतात, दुपटीहून जास्त! असं दिवसातून तीनदा, चार दिवस चाललं तर यकृतावर येतं. ताप असेल तरच, ६ तासांच्या अंतराने. सर्दीची बाटली ठेवून दे. क्लोरफेनिरामाइन-फिनाइलएफ्रिनचं मिश्रण ४ वर्षांखाली नको, असं लेबलवर छापायला केंद्रीय औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्येच सांगितलंय.

शिंदेकाका (बी-१०१, मेडिकल): घरात तापाचे ड्रॉप्स उरले असतील तर सांभाळून. त्यात १ मिलीतच १०० मिग्रॅ असतं, १२५ च्या सिरपच्या चौपट. मोजायला पोहे खायचा चमचा नको, ५ मिलीची सिरिंज घ्या, सुई काढून.

कुलकर्णीकाका (बी-३०६): खोकल्याचं तरी द्या की. पोर रात्रभर जागतं.

डॉ. मानसी: काका, २ वर्षांखाली ते लिहूच नये, ५ खाली सहसा नको, असं आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कळवलंय. मध्य प्रदेशात छिंदवाड्यात मुलं दगावली ती खोकल्याच्या सिरपमधल्या डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी रसायनाने, किडन्या निकामी होऊन. पण बाटली शुद्ध असली तरी या वयात खोकला त्याने फारसा हटत नाही. नाकात सलाइनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे तयार थेंब टाका, झोपताना अर्धा चमचा मध द्या. वर्षाखालच्या बाळाला मध मात्र नाही.

नेहा: अँटिबायोटिक? शेंबूड पिवळा झालाय.

डॉ. मानसी: विषाणूच्या सर्दीतही तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो पिवळा होतोच. तेवढ्यावर अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनेटसारखं अँटिबायोटिक दिलं की बऱ्याचदा जुलाब, मग जुलाबाची पाचवी बाटली. पण परस्पर बंद करू नको. फोन करून विचार, ‘कान, घसा की छाती, कशासाठी?’ तेव्हाच सर्दीच्या बाटलीचंही सांग.

शिंदेकाका: अँटिबायोटिक द्यायचं ठरलं तर बाटलीतल्या पुडीत उकळून गार केलेलं पाणी आधी अर्धंच ओतून हलवा, फेस बसू द्या, मग बाटलीवरच्या बाणापर्यंत भरा. फेसासकट बाण गाठला तर पाणी कमी पडतं, औषध कडक होतं. फ्रिजमध्ये ठेवा, ७ दिवसांनी फेका.

डॉ. मानसी: नेहा, झोपल्यावर पोटाची हालचाल बघत पूर्ण ६० सेकंद श्वास मोज. ४० किंवा जास्त आले, फासळ्यांखाली खड्डा पडला किंवा पाणीही पीत नसेल, तर सकाळची वाट बघू नको.