युरिक अ‍ॅसिडची गोळी की दुधीचा रस?

अंगठेबहाद्दर: काल इथे एकाने लिहिलं, 'फेबुक्सोस्टॅट (युरिक अ‍ॅसिड कमी करणारी गोळी) हार्टला घातक, अमेरिकेने इशारा दिलाय, गोळ्या फेका, दुधीचा रस प्या.' तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मला गाऊट, म्हणजे युरिक अ‍ॅसिडचे खडे सांध्यात साठून होणारा संधिवात, त्यामुळे माझी तर अंगठ्यापासूनच निघते. इशारा खरा आहे, 2019 चा. 2018 च्या केअर्स चाचणीत अ‍ॅलोप्युरिनॉल या युरिक अ‍ॅसिडच्याच दुसऱ्या गोळीच्या तुलनेत हृदयविकाराने मृत्यू जास्त दिसले. पण ते सगळे आधीच हृदयरोगी, आणि निम्म्याहून जास्त जणांनी गोळी मध्येच सोडलेली. 2020 च्या फास्ट चाचणीत, ब्रिटन-डेन्मार्क-स्वीडनच्या 6128 लोकांत, तसं काही दिसलं नाही. अर्धीच बातमी का सांगता?

दुधीभोपळा: मीच तो. माझ्या साडूंनी गोळी सुरू केली आणि आठवड्यात दोन्ही पाय सुजले. चादर लागली तरी ओरडायचे. चाचण्या तुमच्यापाशी ठेवा.

अंगठेबहाद्दर: सोबत कोल्चिसिन, म्हणजे ठणका रोखणारं औषध, होतं का? साठलेले खडे विरघळायला लागले की ठणका येतोच, म्हणून पहिले 3 ते 6 महिने ते द्यायचं असतं. मलाही कुणी सांगितलं नव्हतं. रात्री तीनला भिंत धरून संडासला गेलोय.

दुधीभोपळा: कोल्चिसिन नव्हतं. पण चूक डॉक्टरची, रसाची नाही!

सुकटप्रेमी: गोळीचं राहू द्या हो. आमच्या घरी रिपोर्ट आल्यापासून तूरडाळ, पालक, टोमॅटो, सुकट सगळं बंद. कोकणात जन्मून भोपळा खातोय.

वरणभात: डाळ-पालकाने गाऊटचा धोका वाढत नाही, हे 2004 च्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात दिसलंय. मटण, मासळी, बिअर यांनी वाढतो. सुकट बंदच ठेवा.

सुकटप्रेमी: म्हणजे डाळ परत मिळाली आणि सुकट गेली. उपकार झाले!

वरणभात: वहिनींना दाखवा. आणि त्या बिअरबद्दल तुम्ही काहीच बोलला नाहीत.

सुकटप्रेमी: माझी बिअर हा इथला विषय नाही.

मेडिकलवाला: माझ्या काउंटरवर रोज येतात, रिपोर्टमध्ये युरिक अ‍ॅसिड 7.4, दुखत काहीच नाही, तरी वर्षभर फेबुक्सोस्टॅट. अमेरिकन संधिवाततज्ज्ञांची 2020 ची शिफारस आहे की एकदाही गाऊट झाला नसेल तर नुसत्या आकड्यासाठी गोळी सुरू करू नये. पहिली पसंती अ‍ॅलोप्युरिनॉलला, 100 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमीपासून, युरिक अ‍ॅसिड 6 च्या खाली येईपर्यंत डोस हळूहळू वाढवत. आणि अंगावर पुरळ उठलं तर गोळी त्याच दिवशी थांबवून डॉक्टरकडे. क्वचित जिवावर बेततं.

दुधीभोपळा: बघा! म्हणजे धोका आहेच.

मेडिकलवाला: आहे. कडू दुधीच्या रसानेही आपल्याकडे माणसं गेली आहेत, काका.

दुधीभोपळा: आमचा दुधी गोड असतो. बरं, साडूंना कोल्चिसिनचं विचारायला सांगतो. रस मात्र चालूच राहील.