गुरुपौर्णिमा: पूजा पायांची की वाणीची?

दीपमाळ (धागाकर्ती)

गेल्या आषाढी पौर्णिमेला एका आश्रमात पाद्यपूजेच्या रांगेत दोन तास उभी होते. ताम्हनात गुरूंचे पाय, त्यांवर आधी दूध, मग पाणी, गंध, फूल; प्रत्येक कुटुंबाच्या वाट्याला जेमतेम दीड मिनिट, आणि बाजूच्या मेजावर पावतीपुस्तक. सकाळपासून दुपारपर्यंत गुरूंनी एकही वाक्य शिकवले नाही, आणि इतकी माणसे पुढे सरकत असताना त्यांना तशी सवडही नव्हती.

या दिवसाला व्यासपौर्णिमा म्हणतात, ती व्यासांचे पाय धुतले गेले म्हणून नव्हे. एका वेदाचे चार भाग करून ते पैल, वैशंपायन, जैमिनी आणि सुमंतु या चार शिष्यांच्या हाती त्यांनी सोपवले, हे परंपरेने त्यांचे थोर कार्य मानले आहे. बौद्धांसाठी ही तिथी सारनाथच्या पहिल्या प्रवचनाची आहे. दोन्हीकडे स्मरण आहे ते शिकवण्याचे. म्हणून माझे स्पष्ट मत असे की पाद्यपूजा बंद करावी आणि त्या दिवशी गुरूने निदान एक पाठ द्यावा.

जुना तंबोरा

मी पूर्ण असहमत आहे. तुम्ही सारनाथचा दाखला दिलात, पण तो अर्धाच दिलात. विनयपिटकातील (भिक्खूंच्या नियमांच्या बौद्ध ग्रंथातील) महावग्गात तो प्रसंग तपशिलाने आला आहे. तपश्चर्या सोडली म्हणून रागावलेल्या पाच सोबत्यांनी ठरवले होते की गौतम आला तरी उठायचे नाही, अभिवादन करायचे नाही. आणि प्रत्यक्षात तो जवळ येताच एकाने त्याचे भिक्षापात्र व चीवर (भिक्खूचे वस्त्र) घेतले, दुसऱ्याने आसन मांडले, कोणी पाय धुवायला पाणी आणले. पहिल्या प्रवचनाआधी पाय धुण्याचे पाणी आले होते, बाई!

शिवाय सगळी विद्या वाक्यांत मावत नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखालचा जवारीचा दोरा केसभर पुढे सरकवला की तारेतला बंद आवाज खुलतो. तो केसभर म्हणजे किती, हे माझ्या गुरूंनी कधीच सांगितले नाही; माझे बोट धरून दोरा सरकवला. अशा माणसापुढे वर्षातून एकदा वाकताना मला कमीपणा वाटत नाही. छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकामाला बैल, अग्नी, हंस आणि मद्गु पक्षी यांनी ब्रह्माचे चारही पाद (चतुर्थांश) सांगितले होते, तरी आश्रमात परतल्यावर त्याने आचार्यांनाच ‘आपण शिकवा’ अशी विनंती केली.

दीपमाळ

महावग्गाचा तपशील मान्य, पण निष्कर्ष मान्य नाही. गयेहून वाराणसीपर्यंत पायी आलेल्या माणसाला पाय धुवायला पाणी देणे हे आतिथ्य आहे. धुळीने भरलेले पाय आणि रांगेसाठी ताम्हनात ठेवलेले पाय यांत फरक करायला हवा. आणि तुमचे उदाहरण तर माझ्याच बाजूचे आहे, कारण तुमच्या गुरूंनी बोट धरून शिकवले.

वर्षावास

दोघांनीही आमच्या पौर्णिमेला सहज ‘गुरुपौर्णिमा’ करून टाकले, त्याला माझी हरकत आहे. बौद्ध परंपरेत आषाढ पौर्णिमा धम्मचक्रप्रवर्तनाची आहे, आणि दुसऱ्या दिवसापासून भिक्खूंचा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, सुरू होतो. (१४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या दीक्षेमुळे आपल्याकडे धम्मचक्र प्रवर्तन दिन वेगळा पाळला जातो, त्याची गल्लत करू नये.) बुद्धांनी उत्तराधिकारी नेमला नाही, आपल्या पश्चात धम्म आणि विनय हेच तुमचे शास्ते, असे त्यांनी आनंदांना सांगितले. मग व्यक्तिपूजेच्या बाजूने सारनाथ साक्षीला कसे बोलावता येईल?

तरी प्रामाणिकपणे एक नोंदवतो, आणि ते धागाकर्तीच्या विरोधात जाते. त्याच प्रसंगात पाच जण बरोबरीच्या नात्याने ‘आवुसो’ म्हणू लागले, तेव्हा तथागतांना (म्हणजे स्वतः बुद्धांना) असे संबोधू नका, असे बुद्धांनी त्यांना बजावले. म्हणजे गुरू-शिष्यांतले अंतर तिथेही पुसलेले नव्हते.

समवसरण

तिसरी, जैन परंपरा राहूनच गेली. दिगंबर परंपरेनुसार वैशाख शुक्ल दशमीला महावीरांना केवलज्ञान (संपूर्ण ज्ञान) झाले, पण त्यानंतर ६६ दिवस त्यांची दिव्यध्वनी, म्हणजे उपदेशाची वाणी, प्रकटली नाही, कारण ती झेलू शकेल असा गणधर (प्रमुख शिष्य) समोर नव्हता. आषाढ पौर्णिमेला इंद्रभूती गौतम आले, शिष्य झाले, आणि दुसऱ्या दिवशी राजगृहाच्या विपुलाचलावर पहिला उपदेश झाला. श्वेतांबर परंपरा गणधरांची दीक्षा वैशाखातच मानते, म्हणून हा संदर्भ सरसकट ‘जैनांचा’ म्हणू नये. पण त्याचा अर्थ पाहा: सर्वज्ञ गुरू उपस्थित आहे आणि शिष्य नाही म्हणून मौन आहे. वाद गुरूच्या पायांवर चालला आहे. आमच्याकडे ही तिथी शिष्याच्या येण्याची आहे.

आणि याच इंद्रभूती गौतमांना केवलज्ञान झाले ते महावीरांच्या निर्वाणानंतर, कारण तोवर गुरूवरचा रागच आडवा येत होता. ‘राग’ म्हणजे आसक्ती. तंबोरावाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

जुना तंबोरा

गैरसमज नाही, उलट ही कथा मला अडचणीची आहे हे कबूल करतो. गुरूच्या प्रेमात अडकून पडलेले गायक मी पाहिले आहेत. गुरू गेल्यावर चाळीस वर्षे त्याच खटक्या-मुरक्या, त्याच जागा, अगदी गुरूंचा खोकलासुद्धा. तरीही पाद्यपूजा बंद करण्याची मागणी मी मान्य करणार नाही. त्या आश्रमातल्या पावतीपुस्तकाची बाजू मात्र घेत नाही. दीड मिनिटात बोट कोणाचे धरणार?

दीपमाळ

मग माझी मागणी थोडी बदलते. पूजा ठेवा, पण पाठ झाल्यावर, आणि पाठाला जे बसले त्यांनीच ती करावी. रांग आपोआप लहान होईल.