चेताराचा कोलातूरा: मांदेलीपासून घरी जमेल का? आणि गाव असं दरीत का?

खाडीकाठ:
इटलीत अमाल्फी किनाऱ्यावरच्या चेतारा गावात खारवलेल्या अँचोवीपासून 'कोलातूरा' नावाचा तांबूस, पातळ अर्क काढतात. मांदेली त्याच कुळातली, म्हणून विचारतोय. तिथे तो नेमका कसा काढतात? नुसतं मिठात मुरवलेलं पाणी की आणखी काही? दुसरं म्हणजे फोटोत सगळं गाव एका घळीत कोंबल्यासारखं दिसतं. शेजारी सालेर्नोला मोकळी जागा असताना तिथेच का वसले?

मीठभाकर:
नुसतं मिठाचं पाणी नाही. मासळी 25 मार्च ते 22 जुलै या काळातली घेतात, कारण तेव्हा ती कमी तेलकट असते. तेलकट मासळी महिनोन्‌महिने ठेवली की खवट होते. सालेर्नोच्या आखातात रात्री दिवे लावून पर्ससीनने (थव्याला वेढून खालून आवळायचं जाळं) पकडतात. (पर्ससीन आणि दिवे म्हटल्यावर मालवणकर बाह्या सरसावतील. आपल्याकडे एलईडी मासेमारीवर केंद्राची बंदी 2017 पासून आहे.)

किनाऱ्यावर येताच डोकं आणि आतडी हातानेच एका हिसक्यात काढतात. सुरी लावत नाहीत. दिवसभर भरपूर मिठात ठेवून मग लाकडी पिंपात थर लावतात. एका माशाचं डोकं, दुसऱ्याची शेपटी अशी गच्च रांग, वर खडे मीठ, पुन्हा रांग. या पिंपाला 'तेर्त्सिन्यो' म्हणतात, मोठ्या पिंपाच्या एक तृतीयांश एवढं. वर लाकडी चकती आणि तिच्यावर दगड.

खरी मेख वजनात आहे. कमी पडलं तर वरचे मासे पाण्याबाहेर राहतात, पिवळे पडतात आणि खवट वास धरतात. जास्त झालं तर मांस चिरडून अर्क गढूळ होतो. म्हणून मासळी मुरत जाईल तसं वजन कमी करत नेतात.

वर सुटलेलं पाणी काढून काचेच्या भांड्यांत उन्हात आटवतात. शरद ऋतूच्या शेवटी तेच पाणी परत पिंपात ओततात. ते सगळे थर भिजवत खाली उतरतं. मग तळाला भोक पाडून थेंब थेंब गोळा करतात. डिसेंबरात, नाताळच्या आदल्या रात्रीच्या स्पॅगेटीसाठी, नवा माल तयार. 2020 पासून याला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे आता मात्र नऊ महिन्यांच्या आत काढलेला माल त्या नावाने विकता येत नाही.

भूस्तर:
जागेबद्दल. मागे लत्तारी डोंगर, सगळा मध्यजीव महाकल्पातला चुनखडक आणि डोलोमाइट. उतार सरळ समुद्रात जातात. ओढ्याने कापलेल्या घळीच्या तोंडाशी जेवढी पुळण आणि गाळ साचला, तेवढीच सपाट जागा. होड्या ओढायला पुळण, प्यायला ओढा, मग घरं तिथेच.

पण घातही तिथूनच. इ.स. 79 च्या उद्रेकात व्हेसुव्हियस ज्वालामुखीची राख आणि प्यूमिस (हलका, सच्छिद्र दगड) वाऱ्याने आग्नेयेला, म्हणजे याच डोंगरांवर आली. कठीण खडकावर हा भुसभुशीत थर नुसता बसलेला आहे. मुसळधार पाऊस झाला की पाणी पिऊन जड होतो आणि खडकावरून घसरत चिखलाचा लोंढा बनून घळीत उतरतो. चेतारात ऑक्टोबर 1910 मध्ये शंभराहून जास्त माणसं गेली. 25 ऑक्टोबर 1954 च्या रात्री सालेर्नो ते माइओरी या पट्ट्यात तीनशेवर. उतारावरच्या लिंबाच्या बागांच्या दगडी ताली टिकवणं म्हणूनच नुसतं पर्यटनाचं काम नाही. ताल ढासळली की माती मोकळी होते.

मीठभाकर:
शिवाय समुद्राकडूनही धोका होताच. नवव्या शतकाच्या अखेरीस अरबांचा तळ चेतारातच होता. 1534 मध्ये ऑटोमन तुर्कांच्या सिनान पाशाच्या आरमाराने गाव लुटून शेकडो लोक गुलाम म्हणून नेले. त्यानंतर किनाऱ्यावर टेहळणी बुरुजांची साखळी उभी राहिली. चेताराचा बुरूज त्याहून जुना आहे, पुढे तो वाढवला. आता गावाचा मोठा पैसा ट्यूनात आहे, पण 29 जूनला सेंट पीटरची मूर्ती मिरवणुकीनंतर चर्चच्या पायऱ्यांवरून धावत वर नेतात, ती मच्छीमारांच्याच खांद्यावर.

खाडीकाठ:
मस्त. म्हणजे मांदेली मिठात घालून बघायला हरकत नाही?

भूस्तर:
हरकत आहे. मांदेली बाजारात येईपर्यंत किती तास बर्फाशिवाय राहिली ते कळत नाही. उशीर झाला की जिवाणू मासळीत हिस्टामिन नावाचा बाधणारा पदार्थ तयार करतात. ते मिठाने जात नाही, उकळूनही जात नाही. अंगावर पित्त उठतं, चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं.

मीठभाकर:
सहमत. हौसच असेल तर बंदरावर होडीतून उतरलेलीच घ्या आणि तासाभरात मिठात घाला. मिठात काटकसर नको. आग्नेय आशियातल्या फिश सॉसचं साधारण प्रमाण तीन भाग मासळीला एक भाग मीठ असं आहे, त्याच्या खाली जाऊ नका. वास कुजका वाटला तर चाखूनही बघू नका.

विकतची बाटली मिळाली तर माणशी एक टेबलस्पून पुरतो. गार वाडग्यात ऑलिव्ह तेल, ठेचलेला लसूण, पार्सली, थोडी लाल मिरची आणि कोलातूरा मिसळायचा. पास्ता उकळताना पाण्यात मीठ अजिबात नाही, नाहीतर खारट खेटर होईल. कोलातूरा गॅसवर चढवायचा नाही, आणि वर चीज तर नकोच.